रेणूपासून गोळीपर्यंत: औषधी रसायनशास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधी रसायनशास्त्र म्हणजे नेमकं काय?

आजाराशी संबंध असलेल्या एखाद्या प्रथिनावर परिणाम करेल असा रेणू शोधायचा, तो प्रयोगशाळेत घडवायचा, आणि मग तो पोटात टिकेल, रक्तात पोचेल, आपलं काम करेल आणि वेळेवर शरीराबाहेर पडेल अशा बेताने त्यात बदल करत राहायचं, हे औषधी रसायनशास्त्राचं काम. यातला 'परिणाम करेल' एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहतो. पण या क्षेत्रातल्या माणसांचे बहुतेक दिवस उरलेल्या भागावर खर्च होतात. परिणाम करणारे रेणू पुष्कळ सापडतात. त्यांचं औषध होणं ही वेगळीच गोष्ट आहे.

शेजारच्या दोन शाखांशी याची गल्लत होते. औषधाने शरीरात काय घडतं आणि शरीर औषधाचं काय करतं, हे फार्माकॉलॉजी पाहते. तयार रेणूची गोळी, सिरप किंवा इंजेक्शन कसं करायचं, हे फार्मास्युटिक्सचं क्षेत्र. व्यवहारात तिघं एकाच टेबलाभोवती बसतात आणि बऱ्याचदा एकमेकांच्या बेतात खोडा घालतात.

औषध 'लागू पडतं' म्हणजे शरीरात काय होतं?

बहुतेक वेळा औषधाचा रेणू एखाद्या प्रथिनाला जाऊन चिकटतो. ते प्रथिन पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारं प्रथिन, असेल, रासायनिक क्रिया घडवून आणणारं एन्झाइम असेल किंवा आयनांना ये-जा करू देणारी वाहिनी असेल. जो पदार्थ कशालाच बांधला जात नाही तो कार्यही करत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

शाळेत यासाठी कुलूप-किल्लीचं उदाहरण देतात. सुरुवातीला ते ठीक आहे, पण पुढे दिशाभूल करतं. प्रथिनं स्थिर नसतात, ती सतत हलत आणि आकार बदलत असतात. शिवाय एकच रेणू पाच-दहा वेगवेगळ्या प्रथिनांना कमी-अधिक चिकटू शकतो, आणि साइड इफेक्ट्सचा मोठा वाटा तिथूनच येतो.

अ‍ॅस्पिरिन पाहा. ते सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमला आपला अ‍ॅसिटिल गट कायमचा चिकटवून टाकतं, आणि वेदना व सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनणं थांबतं. हे औषध १८९९ पासून विकलं जात होतं, पण ते प्रोस्टाग्लँडिन्स बनणं थांबवतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. म्हणजे सत्तरेक वर्षं जग ते का लागू पडतं हे न कळताच घेत होतं. आणखी एक गंमत आहे. रक्तातलं अ‍ॅस्पिरिन वीसेक मिनिटांत निम्मं होतं, तरी रक्त गोठू न देण्याचा त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. रक्तातल्या बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, केंद्रक नसतं. त्यांना नवं एन्झाइम बनवता येत नाही, त्यामुळे एकदा बिघडलेलं एन्झाइम बिंबिका मरेपर्यंत, सात ते दहा दिवस, बिघडलेलंच राहतं. शस्त्रक्रियेच्या आधी 'अ‍ॅस्पिरिन चालू आहे का' असं विचारतात ते यासाठी.

दुखणं गुडघ्याचं असेल तर गोळीला गुडघा कसा सापडतो?

सापडत नाही. गोळी रक्तात मिसळते आणि रक्त जिथे जातं तिथे सगळीकडे जाते. जिथे तिला चिकटायला योग्य प्रथिन आहे तिथे परिणाम होतो, मग तो हवा असो वा नको. अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीच्या वेदनाशामकांनी पोटात जळजळ होते, कारण जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्सही त्याच एन्झाइमकडून बनतात.

मग साइड इफेक्ट नसलेलं औषध का बनवत नाहीत?

पहिलं कारण वर आलंच. दुसरं म्हणजे शरीर औषधाला आहे तसं राहू देत नाही. यकृत त्याचं रूपांतर करतं, आणि कधी कधी मूळ रेणूपेक्षा ते रूपांतरच घातक असतं. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल बरंच निर्धोक आहे. यकृतात त्याचा थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथिऑन नावाचा रेणू त्याला लगेच निकामी करतो. मात्रा फार वाढली की ग्लुटाथिऑनचा साठा संपतो आणि तो पदार्थ यकृताच्या पेशींवर हल्ला करतो. त्यावरचा उतारा, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, हा साठा पुन्हा भरून काढतो. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या वेगवेगळ्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असू शकतं, म्हणून घेताना एकूण बेरीज करायची असते. हे मात्र फार कमी लोक करतात.

औषधं शेवटी वनस्पतींपासूनच येतात ना?

पुष्कळशी येतात, थेट किंवा आडवळणाने. अफूच्या बोंडातून मॉर्फिन मिळालं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची मुळं गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीत आहेत. कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत मिळालं. रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल, जे अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झालं, ते ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरच्या संशोधनातून पुढे आलं.

मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनची गोष्ट या बाबतीत बरंच काही सांगते. चीनच्या तू यूयू यांच्या गटाने १९७१ च्या सुमारास एका पारंपरिक वनस्पतीवर काम सुरू केलं. नेहमीप्रमाणे पाला उकळून काढलेला अर्क भरवशाचा ठरेना. उष्णतेने सक्रिय घटकच नष्ट होत असावा असं धरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं, आणि अर्क प्रभावी निघाला. त्यासाठी त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. म्हणजे जुन्या ज्ञानाने दिशा दाखवली, पण औषध मिळालं ते कोणता रेणू, किती प्रमाणात आणि कशाने तो मोडतो हे कळल्यावर.

'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित' या समजाला रसायनशास्त्रात काहीही आधार नाही. बोटुलिनम हे ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल विषांत गणलं जातं आणि ते पूर्णपणे नैसर्गिक आहे.

नव्या औषधाचा शोध सुरू कुठून होतो?

आज बहुधा एखाद्या प्रथिनापासून. अमुक प्रथिन अडवलं तर आजार आटोक्यात येईल असा अंदाज बांधायचा, मग लाखो संयुगांचा साठा यंत्रांच्या मदतीने त्यावर तपासायचा आणि थोडंफार चिकटणारी संयुगं बाजूला काढायची. यांना 'हिट' म्हणतात. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरचं, २००१ मध्ये आलेलं इमॅटिनिब याच वाटेने आलं: आधी गुणसूत्रातला दोष सापडला, मग त्यातून बनणारं प्रथिन, आणि मग ते प्रथिन अडवणारा रेणू.

जुनी पद्धत उलट होती: आधी परिणाम दिसायचा, कारण नंतर कळायचं. एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची शेकडो संयुगं करून एकेक तपासली गेली आणि ६०६ क्रमांकाचं संयुग सिफिलिसवर लागू पडलं. १९१० मध्ये ते साल्वर्सान नावाने बाजारात आलं. ही पद्धत मागास वाटली तरी तिचा एक मोठा फायदा आहे. जिवंत पेशीवर किंवा प्राण्यावर परिणाम दिसला म्हणजे रेणू आत पोचतो आहे, एवढं तरी नक्की होतं. एकट्या प्रथिनावर तपासताना ते कळत नाही.

हिट सापडल्यावर रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं काय करत बसतात?

मला विचाराल तर या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

हिट सहसा दुबळा असतो. त्याच्या सांगाड्यावर इथे एक क्लोरीन, तिथे एक मिथाइल, कुठे एखादं कडं मोठं, असे बदल करत शेकडो, कधी हजारो नातेवाईक रेणू बनवायचे आणि प्रत्येक बदलाने काय सुधारलं, काय बिघडलं याचा हिशोब ठेवायचा. कारण काहीतरी बिघडतंच. चिकटण्याची ताकद वाढवायला तेलकट गट जोडला तर पाण्यात विरघळणं कमी होतं. विरघळावं म्हणून भार असलेला गट जोडला तर पेशीच्या पडद्यातून आत शिरणं अवघड होतं.

आम्लपित्तावरच्या सिमेटिडिनची कहाणी यासाठी अजून शिकवली जाते. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांचा गट हिस्टामिन या शरीरातल्या संदेशवाहक रेणूच्या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरच्या मागे होता, कारण जठरातलं आम्ल त्याच्या सांगण्यावरून स्रवतं असा त्यांचा अंदाज होता. सुरुवात हिस्टामिनच्याच रेणूपासून केली. बऱ्याच वर्षांनी बुरिमामाइड हाती आलं. ते रिसेप्टर अडवत होतं, अंदाज खरा ठरला, पण तोंडावाटे घेतल्यावर पुरेसा परिणाम होत नव्हता. रेणूत गंधकाचा अणू आणि एक मिथाइल गट बसवून मेटियामाइड झालं. ते गोळीतून चालत होतं, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. संशय रेणूतल्या थायोयुरिया गटावर होता. तो काढून त्या जागी सायनोग्वानिडिन गट बसवला आणि सिमेटिडिन तयार झालं. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि अल्सरच्या शस्त्रक्रियांची गरज झपाट्याने घटली.

पण गोष्ट इथे संपत नाही. सिमेटिडिनमधलं इमिडॅझोल कडं यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांनाही चिकटायचं, त्यामुळे सोबत घेतलेल्या इतर औषधांची रक्तातली पातळी वाढायची. दुसऱ्या कंपनीने त्या कड्याच्या जागी फ्युरानचं कडं घातलं आणि रॅनिटिडिन काढलं. ही अडचण जवळजवळ मिटली आणि काही वर्षांत ते जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक झालं. तब्बल चार दशकांनी लक्षात आलं की रॅनिटिडिनचा रेणू साठवणीत, विशेषतः उष्णतेत, हळूहळू मोडून त्यातून एनडीएमए हे कर्करोगजनक असण्याची दाट शक्यता असलेलं द्रव्य बनू शकतं. २०२० मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं.

एका कड्याची अदलाबदल, आणि तिचा पूर्ण हिशोब लागायला चाळीस वर्षं.

'पाचचा नियम' काय आहे?

क्रिस्टोफर लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये मांडलेला हा ठोकताळा आहे. रेणूभार ५०० पेक्षा कमी, तेलाकडे ओढा दाखवणारा लॉग-पी ५ पेक्षा कमी, हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देणाऱ्या जागा ५ पर्यंत आणि घेणाऱ्या १० पर्यंत असतील, तर रेणू आतड्यातून नीट शोषला जाण्याची शक्यता बरी असते. सगळे आकडे पाचच्या पटीतले, म्हणून हे नाव. याला कायदा समजू नये. कितीतरी उत्तम अँटिबायोटिक्स आणि प्रत्यारोपणातलं सायक्लोस्पोरिन तो सर्रास मोडतात.

प्रोड्रग म्हणजे काय?

जे स्वतः निष्क्रिय किंवा फारसं सक्रिय नसतं आणि शरीरात गेल्यावर खऱ्या औषधात बदलतं ते. पार्किन्सनच्या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडतं, पण डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरू शकतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

१९३० च्या दशकात आलेलं प्रॉन्टोसिल हे लाल रंगाचं औषध परीक्षानळीतल्या जिवाणूंवर काहीच करत नव्हतं, उंदरांत मात्र त्यांना वाचवायचं. शरीरात त्याचे तुकडे होऊन सल्फानिलामाइड सुटतं, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडलं. केवळ नळीतले निकाल पाहिले असते तर ते तिथेच टाकून दिलं गेलं असतं.

या युक्तीची एक अडचणही आहे. कोडीन या वेदनाशामकाचं मॉर्फिनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम सगळ्यांत सारखं नसतं. काहींत ते जवळपास नसतंच, त्यांना कोडीन लागू पडत नाही. काहींत ते अति वेगवान असतं, त्यांना नेहमीची मात्राही घातक ठरू शकते.

थॅलिडोमाइडचा एकच आरसारूप रेणू विकला असता तर अनर्थ टळला असता का?

गरोदरपणात घेतलेल्या या औषधाने हजारो बाळांत व्यंगं आली. रेणूचं एकच रूप विकलं असतं तर ती टळली असती, हा समज खूप पसरलेला आहे, अगदी पाठ्यपुस्तकांतही. उत्तर आहे, नाही.

काही रेणू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन रूपांत असतात. प्रथिनं या दोघांना वेगळं ओळखतात, त्यामुळे एक रूप उपयोगी आणि दुसरं निरुपयोगी किंवा अपायकारक असं होऊ शकतं. अ‍ॅलर्जीवरच्या सेटिरिझिनमधून लेव्होसेटिरिझिन वेगळं काढलं ते याच विचाराने. पण थॅलिडोमाइडची दोन्ही रूपं शरीरात आपोआप एकमेकांत बदलतात. शुद्ध एकच दिलं असतं तरी काही तासांत दोन्ही तयार झाली असती.

हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीला आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात दहा हजारांवर बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत एफडीएच्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली. १९६२ मध्ये तिथे कायदा बदलला आणि सुरक्षिततेबरोबर औषध खरोखर उपयोगी आहे हेही सिद्ध करणं बंधनकारक झालं. आज तेच थॅलिडोमाइड, अत्यंत कडक बंधनांत, कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक गुंतागुंतीवर आणि मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर वापरलं जातं.

गोळीत औषधाशिवाय काय काय असतं?

बऱ्याच गोळ्यांत औषध थोडं आणि बाकीचं जास्त असतं. आकार यावा म्हणून लॅक्टोज किंवा सेल्युलोज, पाण्यात पडल्यावर फुटावी म्हणून स्टार्च, यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, वर लेप. या सहाय्यक द्रव्यांकडे दुय्यम म्हणून पाहू नये. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध करण्यासाठी ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं गेलं. औषधात दोष नव्हता. द्रावक विषारी होता. शंभरावर माणसं गेली, त्यांत बरीच मुलं होती. बाजारात आणण्यापूर्वी सुरक्षितता दाखवलीच पाहिजे हा कायदा १९३८ मध्ये त्यातूनच आला. याच द्रावकाने नंतरही वेगवेगळ्या देशांत बळी घेतले आहेत, हे जास्त संतापजनक आहे.

स्फटिकाचा प्रकारही महत्त्वाचा. एकच रेणू वेगवेगळ्या रचनेत स्फटिक बनवू शकतो आणि प्रत्येकाची विद्राव्यता निराळी असते. एचआयव्हीवरचं रिटोनाविर बाजारात असताना १९९८ मध्ये त्याचा एक नवा, आधी कधी न दिसलेला, कमी विरघळणारा स्फटिक अचानक कॅप्सूलमध्ये तयार होऊ लागला. रेणू तोच, शुद्धता तीच, पण विरघळणं अपुरं. त्या स्फटिकाचे सूक्ष्म कण एकदा कारखान्यात पसरल्यावर जुना स्फटिक बनवणंच अवघड होऊन बसलं. कॅप्सूल मागे घेऊन औषध नव्या स्वरूपात आणावं लागलं.

गोळी तोडून किंवा कुटून घेतली तर चालतं का?

साध्या गोळीवर मधोमध रेघ असेल तर सहसा चालतं. पण नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती गोळी दिवसभराचा साठा हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. कुटली तर सगळा डोस एकदम रक्तात येतो. जठरात न विरघळणारा लेप असलेल्या गोळ्यांचंही तसंच, कारण लेप फोडला की आतलं औषध आम्लात नष्ट होतं किंवा जठराला त्रास देतं. शंका असेल तर फार्मासिस्टला विचारा.

कुठली गोळी दिवसातून एकदा, कुठली तीनदा, हे कशावरून ठरतं?

मुख्यतः अर्धायुष्यावरून, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणाऱ्या वेळावरून. पॅरासिटामॉलचं ते दोन-तीन तास असतं, अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचं ३० ते ५० तास. पाच अर्धायुष्यांनंतर तीनेक टक्केच औषध उरतं. नियमित डोस सुरू केल्यावर पातळी स्थिर व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. रक्तदाबाची गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी 'काही फरक नाही' म्हणून ती बंद करू नये, त्याचं एक कारण हेच.

प्राण्यांवर सुरक्षित ठरलेलं औषध माणसाला सुरक्षितच असतं ना?

असेलच असं नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ या प्रतिपिंडाची पहिली मानवी चाचणी झाली. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग सहा निरोगी स्वयंसेवकांना थोड्या-थोड्या मिनिटांच्या अंतराने दिला गेला. सहाही जणांची रोगप्रतिकारशक्ती बेभान झाली आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सगळे वाचले, पण तेव्हापासून पहिल्या चाचणीत आधी एकाच माणसाला देऊन वाट पाहण्याचा दंडक अधिक कडक झाला.

तरीही प्राण्यांवरच्या चाचण्या कुचकामी आहेत असं म्हणणं चूक. कितीतरी धोकादायक रेणू तिथेच अडतात. त्यांची बातमी होत नाही, एवढंच.

मानवी चाचण्यांचे टप्पे कसे असतात?

पहिल्या टप्प्यात वीस ते शंभर, बहुधा निरोगी माणसं. प्रश्न एवढाच की किती मात्रा सहन होते आणि शरीर तिचं काय करतं. कर्करोगाची जहाल औषधं मात्र थेट रुग्णांवर तपासतात. दुसऱ्या टप्प्यात काहीशे रुग्ण, आणि उपयोग होतो का याचा पहिला अंदाज. तिसऱ्यात शेकडो ते हजारो रुग्ण, चालू उपचाराशी किंवा प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना. मंजुरीनंतरची देखरेख हा चौथा टप्पा.

सर्वाधिक औषधं दुसऱ्या टप्प्यात गळतात. रेणू प्रथिनाला चिकटतो, रक्तात पोचतो, सगळं ठीक असतं. फक्त ते प्रथिन अडवल्याने आजार बरा होईल हा मूळ अंदाजच चुकलेला असतो.

काही रुग्णांना प्लासिबो देणं ही फसवणूक नाही का?

चाचणीत येणाऱ्याला आधीच सांगितलेलं असतं की त्याला दोनपैकी काहीही मिळू शकतं, आणि त्याची लेखी संमती घेतलेली असते. शिवाय उपलब्ध असलेला चांगला उपचार नाकारून नुसता प्लासिबो देणं सहसा नैतिक मानलं जात नाही. तुलना नसेल तर आपोआप बरे झालेले आणि औषधाने बरे झालेले यांत फरकच करता येत नाही. ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी झाली, जिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले, तिथे औषध सगळ्यांना पुरण्याइतकं नव्हतंच. मग कोणाला द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं, आणि आजच्या चाचण्यांचा पाया पडला.

यासाठी इतकी वर्षं आणि इतका पैसा का लागतो?

प्रयोगशाळेपासून मंजुरीपर्यंत दहा ते पंधरा वर्षं सर्वसाधारण मानली जातात. खर्चाचे अंदाज एक अब्ज डॉलरपासून अडीच अब्ज डॉलरच्या पुढेपर्यंत जातात. फरक मोजणीच्या पद्धतीचा आहे: फसलेल्या औषधांचा खर्च धरायचा का, अडकलेल्या पैशांवरचं व्याज धरायचं का. मानवी चाचण्यांत शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच मंजुरीपर्यंत पोचतं, म्हणजे त्या एकाच्या खर्चात बाकी नऊ असतात. औषध महाग ठेवण्याचं समर्थन म्हणून कंपन्या हाच आकडा पुढे करतात. पण किंमत ठरते ती बाजार किती देईल आणि पेटंट किती वर्षं उरलं आहे यावरून, हेही तितकंच खरं.

इतक्या चाचण्यांनंतरही औषधं मागे का घ्यावी लागतात?

गणितामुळे. तीन हजार रुग्णांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी त्याचं खरं प्रमाण हजारात एक इतकं असू शकतं. हजारात एक म्हणजे दहा लाख लोकांनी औषध घेतलं की हजार जण. शिवाय चाचण्यांत अतिवृद्ध, गरोदर स्त्रिया, दहा औषधं एकदम घेणारे रुग्ण फारसे नसतात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक १९९९ मध्ये आलं आणि २००४ मध्ये हृदयविकाराच्या वाढत्या धोक्यामुळे मागे घेतलं गेलं. हृदयविकार हा मुळातच सर्रास आढळणारा आजार असल्याने त्यातली वाढ चटकन नजरेत भरत नाही.

जेनेरिक औषधात वीस टक्के कमी-जास्त औषध चालतं, हे खरं आहे का?

नाही. नियमातला ८० ते १२५ टक्के हा आकडा गोळीतल्या औषधाच्या प्रमाणाचा नाही. रक्तात पोचलेल्या औषधाची सरासरी मूळ औषधाशी ताडून पाहतात, आणि त्या गुणोत्तराचा ९० टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरं गुणोत्तर ज्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, या मर्यादेत पूर्णपणे बसावा लागतो. प्रत्यक्ष सरासरी वीस टक्के दूर असेल तर विश्वासांतराल मर्यादेबाहेर जातो आणि औषध नापास होतं. एफडीएने २,०७० अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

मात्र रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, थायरॉइडवरचं लेव्होथायरॉक्सिन, अपस्माराची काही औषधं यांत थोडा फरकही जाणवू शकतो. तिथे दर महिन्याला कंपनी बदलत राहण्यापेक्षा एकीवर स्थिर राहावं, आणि बदललीच तर डॉक्टरांना सांगावं. जेनेरिकबद्दलची खरी चिंता नियमाची नाही, नियम पाळला जातो का याची आहे. आणि ती महागड्या ब्रँडलाही लागू आहे.

बायोलॉजिक औषधांचं जेनेरिक का नसतं?

अ‍ॅस्पिरिनचा रेणूभार १८०. प्रतिपिंडासारख्या बायोलॉजिक औषधाचा दीड लाखाच्या आसपास, आणि तो जिवंत पेशींकडून बनवून घ्यावा लागतो. दोन कारखान्यांतली उत्पादनं अणू-अणूने सारखी निघणं शक्य नसतं, म्हणून त्यांना बायोसिमिलर म्हणतात आणि त्यांचे नियम वेगळे असतात.

एक्सपायरीची तारीख उलटली की औषध विष होतं का?

बहुतेक औषधं विषारी होत नाहीत, त्यांची ताकद कमी होत जाते. पण किती कमी झाली हे घरी कळत नाही, आणि जिवावरच्या औषधात तो जुगार खेळू नये. तारीख ठरते ती प्रत्यक्ष साठवून. सोबत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून वेगवान चाचणीही करतात. अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण ओलाव्याने ते मोडून सॅलिसिलिक आम्ल आणि अ‍ॅसिटिक आम्ल बनतं. पाणी घालून तयार केलेली मुलांची अँटिबायोटिक सिरपं तर छापील तारखेच्या कितीतरी आधी, एक-दोन आठवड्यांतच टाकून द्यायची असतात.

औषधांची नावं इतकी विचित्र का?

ब्रँडचं नाव कंपनी ठरवते. रेणूचं आंतरराष्ट्रीय नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतं, आणि त्याच्या शेपटीवरून बरंच कळतं: प्रिल आणि सार्टान रक्तदाबाची, ओलोल हृदयाचा वेग कमी करणारी बीटा-ब्लॉकर, स्टॅटिन कोलेस्टेरॉलची, प्राझोल आम्लाची, टिनिब कायनेज एन्झाइम अडवणारी, मॅब प्रतिपिंडं. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत दोन वेगळे ब्रँड आणि एकच शेपटी दिसली, तर विचारायला हवं.

आता एआय आलं, मग औषधं झटपट सापडतील का?

एका टप्प्यावर खरोखर मोठा फरक पडला आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्डमागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पूर्वी एकेका प्रथिनाच्या रचनेसाठी वर्षं जायची. रेणू सुचवण्याचं, हजारो कल्पनांतून कोणता आधी बनवायचा हे ठरवण्याचं कामही वेगाने होऊ लागलं आहे.

पण आकार कळला म्हणजे ते प्रथिन आजाराचं मूळ आहे हे कळलं असं नाही, आणि दुसऱ्या टप्प्यातली गळती तर तिथेच होते. विषाक्तता आणि स्फटिकांबद्दलची भाकितं अजून कच्ची आहेत, कारण संगणकाला शिकवायला तितकी चांगली माहितीच जमलेली नाही. फसलेल्या रेणूंच्या बऱ्याच नोंदी कंपन्यांच्या कपाटांत बंद आहेत. आणि दोन वर्षं गोळी घेतल्यावर रुग्णाला काय होतं हे पाहायला दोन वर्षंच लागतात.